चाचणीत ब्लूटूथ पेअरिंग जमतं, पण पुन्हा जोडताना अडतं? आधी लिंक की तपासा

ब्लूटूथ सर्टिफिकेशनसाठी पीटीएसवर (ब्लूटूथ एसआयजीच्या चाचणी-सॉफ्टवेअरवर) चाचण्या चालवताना पहिलं पेअरिंग सुरळीत होतं आणि पुढच्याच चाचणीत ऑथेंटिकेशन फसतं. अशा वेळी रेडिओच्या मागे लागू नका. बहुतेकदा एका बाजूची लिंक की (पेअरिंगमध्ये तयार होणारी आणि दोन्ही डिव्हाइसनी साठवायची गुप्त किल्ली) पुसलेली असते आणि दुसरीकडे जुनीच राहिलेली असते.

आधी दोन्हीकडची की काढा, एकीकडची काढून भागत नाही. मग एचसीआय लॉग (होस्ट, म्हणजे ब्लूटूथ सॉफ्टवेअर चालवणारी बाजू, आणि ब्लूटूथ चिप यांच्यातल्या संदेशांची नोंद) सुरू करून नव्याने पेअर करा. लॉगमध्ये 0x18 ही लिंक की नोटिफिकेशनची घटना दिसली पाहिजे. तिच्यात 16 बाइटची की आणि तिचा प्रकार येतो. आता डिव्हाइस बंद-चालू करून पुन्हा जोडा. 0x17, म्हणजे चिपने होस्टकडे लिंक की मागणारी विचारणा, आल्यावर होस्टने नकार दिला, तर की साठवलीच गेलेली नाही. होस्टने की दिली आणि तरी 0x06 हा एरर आला, तर समोरच्याकडे की नाही. 0x05 (ऑथेंटिकेशन फसल्याचा एरर) आला, तर दोन्हीकडच्या की वेगळ्या असण्याची शक्यता जास्त. साठवताना बाइटचा क्रम उलटत नाही ना, तेही पाहा.

की न साठण्याची दोन कारणं नेहमी सापडतात. एक, पेअरिंगच्या वेळी ‘नो बाँडिंग’ (की पुढच्यासाठी साठवायची नाही) मागितलेलं असतं. मग स्टॅकने (ब्लूटूथ सॉफ्टवेअरने) की न ठेवणं बरोबरच आहे. दुसरं जास्त छळतं: फ्लॅश मेमरीमध्ये की लिहिणं उशिरा होतं आणि त्याआधीच रीसेट दिला जातो. नोटिफिकेशन येताच की लिहा, लिहून झाल्याची नोंद लॉगमध्ये टाका आणि ती दिसल्यावरच वीज तोडा.