बारटेंडर ठरवताना: बाटल्या उडवण्याआधीच्या गोष्टी

फोनवर पहिला प्रश्न हमखास असतो: "बाटल्या उडवणारा आहे का तुमच्याकडे?" आहे ना. पण त्याचा खेळ दहा मिनिटांत संपतो, व्हिडिओ काढून होतात आणि पुढचे चार तास पेगच भरायचे असतात. दादरच्या कॅटरिंग कॉलेजातून निघून मी आधी हॉटेलात आणि मग क्रूझवर बारमागे उभा राहिलो. आता ठाण्यातून लग्नं, वाढदिवस आणि कंपन्यांच्या पार्ट्यांना माणसं पुरवतो. म्हणजे हा माझा धंदाच आहे, तेव्हा काय घ्यायचं ते त्या हिशेबाने घ्या.

समोरचा माणूस तुम्हाला काय विचारतो, यावरून त्याची परीक्षा करा. पाहुणे किती आणि त्यातले पिणारे किती? जागा हॉल, गच्ची की फार्महाउस? परवाना कोण काढतंय? बर्फ कुठून येणार? बार किती वाजता बंद? यातलं काहीही न विचारता जो "हो जाएगा सर" म्हणतो, त्याला नमस्कार करा.

परवान्यापासून सुरुवात करू, कारण लोक तिथेच डोळेझाक करतात. हॉटेलचा स्वतःचा बार असेल तर दारू त्यांचीच आणि ओतणारे हातही बहुतेक त्यांचेच. बाहेरची बाटली किंवा बाहेरचा बारटेंडर चालेल का, हे आगाऊ रक्कम देण्याआधी विचारा. हॉल, लॉन, फार्महाउस असेल तर महाराष्ट्रात राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून एक दिवसाचा परवाना काढावा लागतो. एफएल-४ए म्हणतात त्याला. अर्ज ऑनलाइन होतो. तो यजमानाने किंवा आयोजकाने काढायचा असतो. "ते आम्ही सांभाळून घेतो" म्हणणाऱ्या पुरवठादाराकडे परवान्याची प्रत मागा. छापलेला कागद बारमागे हवाच. दारू परवानाधारक दुकानातूनच घ्या आणि बिल जपून ठेवा. गोव्याहून डिकीत भरून आणलेल्या 'फक्त गोव्यात विक्रीसाठी'च्या बाटल्या आमच्या टेबलावर मी ठेवू देत नाही. स्वस्त पडतात हे मलाही कळतं. पण महाराष्ट्राचं शुल्क न भरलेला तो माल पकडला गेला तर लग्नघरच्या माणसाला रात्र चौकीत काढावी लागेल.

तारीखही तपासा, काही दिवस दारूबंदीचे, म्हणजे 'ड्राय डे' असतात. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर हे लोकांच्या लक्षात असतं, आषाढी एकादशी विसरतात. निवडणूक असेल तर मतदान संपण्याआधीचे ४८ तास कोरडे. वर्धा आणि गडचिरोलीत तर जिल्हाभर दारूबंदी आहे, तिथल्या लग्नासाठी मला फोन करू नका.

कंपन्यांच्या पार्टीत खरी पंचाईत वयाची होते. महाराष्ट्रात बिअर-वाइनला २१ आणि व्हिस्की, रम, व्होडका यांना २५ वर्षं पूर्ण लागतात. आता हिंजवडीतल्या एखाद्या टीमकडे बघा, निम्मी पोरं कॉलेजातून नुकतीच आलेली, तेवीस-चोवीसची. मॅनेजर म्हणतो, सगळे कमावते आहेत, द्या हो. कायद्याला पगाराची स्लिप चालत नाही. त्यामुळे एचआरकडून जन्मतारखांची यादी आधी घ्या आणि दारातच दोन रंगांचे मनगटपट्टे बांधा. बारटेंडरने पोराच्या तोंडाकडे पाहून वय ओळखावं ही अपेक्षा ठेवू नका. मॅनेजर समोर उभा असताना त्याच्या माणसाला "नाही" म्हणणं वीस वर्षं अनुभव असलेल्या माणसालाही जड जातं. मनगटपट्टा असला की वाद घालायला जागाच उरत नाही.

माणसं किती लागतात? व्हिस्की-सोडा, बिअर आणि वाइन एवढंच असेल तर पन्नास पाहुण्यांमागे एक बारटेंडर पुरतो. कॉकटेल ठेवली तर पंचवीस-तीसमागे एक धरा. शिवाय दोन बारटेंडरांमागे एक हेल्पर हवाच. बर्फ आणणं, ग्लास उचलणं, लिंबं कापणं त्याच्याकडे असतं. पैसे वाचवायला लोक नेमका हेल्पर कापतात आणि मग बारटेंडर ग्लास शोधत मांडवभर फिरतो. आगरी-कोळी हळदीला हा हिशेब सोडून द्या. तिथे गाव जेवतं, तिथे दुप्पट माणसं घ्या आणि मोठ्या पेल्यांत भरून टेबलावर न्यायला वेगळी पोरं ठेवा.

दारूचा अंदाज काढायला ७५० मिलीच्या बाटलीत साठ मिलीचे बारा पेग धरा. शंभर पाहुण्यांत साठ पिणारे, त्यातले तीस व्हिस्कीवाले, चार तासांत सरासरी चार पेग. म्हणजे एकशेवीस पेग, दहा बाटल्या. वाइनच्या बाटलीतून पाच ग्लास निघतात. दोन-तीन बाटल्या जास्त घ्या, पण सीलबंद उरलेल्या परत घेणार का, हे दुकानदाराला खरेदीच्या वेळीच विचारा.

आणि बर्फ! दारू कमी पडली तर माणूस दुकानात पळतो. रात्री दहा वाजता मुळशीत बर्फ कुठून आणणार? माणशी एक किलो धरा, मे महिन्यात दीड. बाटल्या थंड करायला लादी चालते, ग्लासात मात्र खाण्यायोग्य ट्यूबचा बर्फच. खाण्यायोग्य नसलेला बर्फ निळसर रंगाचा असावा, असा नियम महाराष्ट्रात २०१८ मध्ये आला. टबात निळी झाक दिसली तर त्यातला एक खडाही ग्लासात जाऊ देऊ नका. पांढरा दिसला म्हणून निर्धास्तही राहू नका, पावती बघा.

ट्रायल घेणार असाल तर साधा व्हिस्की-सोडा मागा. माप वापरतो की अंदाजाने ओततो? बर्फ चमच्याने घेतो की ग्लासच बर्फात खुपसतो? ग्लास खुपसणाऱ्याला घेऊ नका. ग्लास कधीतरी आत फुटतो आणि काच बर्फात दिसत नाही, सगळा टब ओतून द्यावा लागतो. नंतर हवं तर कॉकटेल करायला सांगा. यादी चारच्या वर नेऊ नका, त्यातलं एक कोकम-मिरचीचं ठेवा, आपल्याकडे ते चालतंच. गोव्यात मार्च-एप्रिलमध्ये लग्न असेल तर उर्राक (काजूच्या बोंडांची पहिल्या धारेची दारू) आणि लिंबू-सोडा ठेवा. उर्राक वर्षभर मिळत नाही. मॉकटेलचं काउंटर वेगळं लावा आणि तिथेही जाणता माणूस उभा करा. आजी-आजोबांना पन्ह्यासाठी व्हिस्कीच्या रांगेत ताटकळायला लावू नका.

मुलगी बारटेंडर हवी, अशी मागणी हल्ली येते. मुंबईच्या शतभी बसूंनी ही वाट कधीच पाडली आहे. मुली पाठवायला माझी हरकत नाही. फक्त शोभेसाठी हव्या असतील तर मी पाठवत नाही, आणि पाठवल्या तर रात्री घरापर्यंत गाडी यजमानाची.

जागेचं थोडक्यात सांगतो. जेवणाचं टेबल अडीच फुटांचं असतं, त्यावर चार तास वाकून काम केलं की पोरांची पाठ जाते. काउंटर साडेतीन फुटांचं मागवा. वर स्वच्छ उजेड, मागे भिंत किंवा कनात हवी आणि डीजेचा स्पीकर लांब, नाहीतर प्रत्येक ऑर्डर तीनदा ओरडावी लागते. प्यायच्या पाण्याचे जार आणि धुण्याचं पाणी वेगळं ठेवा. धुणारा माणूस नसेल तर पाहुण्यामागे तीन ग्लास मागवा. पोहण्याच्या तलावाजवळ काच अजिबात नको.

आता सगळ्यात नाजूक विषय. बार बंद करायचा आणि एखाद्याला थांबवायचं, हा शब्द कोणाचा? घरातला एकच माणूस नेमा आणि त्याची बारटेंडरशी सुरुवातीलाच ओळख करून द्या. नवऱ्या मुलाच्या मामांना बारटेंडर "आता पुरे" म्हणू शकत नाही. तो पेग लहान करतो, बर्फ वाढवतो, बरोबर पाण्याचा ग्लास सरकवतो. त्यानंतरचं काम नेमलेल्या माणसाचं. शेवटची ऑर्डर बंद होण्याच्या अर्धा तास आधी जाहीर करा आणि गाड्या आधीच सांगून ठेवा. रक्तात १०० मिलीला ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं की गुन्हा आहे, आणि दोन पेगांत बऱ्याच जणांची ती मर्यादा ओलांडली जाते.

पैशांचं बोलताना किती तासांची शिफ्ट, जास्तीच्या तासाला किती, येण्याजाण्याचं भाडं कोणाकडे, फुटलेले ग्लास कोणाचे, हे व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या. ३१ डिसेंबर आणि दाट तिथ्यांना दर चढतातच, दोन महिने आधी ठरवा. पोरांना जेवण बार सुरू होण्यापूर्वी द्या. रात्री दोनला थंडगार पुलाव देऊन उपकार केल्यासारखं करू नका. टिपचा डबा काउंटरवर चालेल का, हेही तुम्हीच सांगायचं. कंपनीच्या कार्यक्रमात मी तो ठेवू देत नाही.

बार उठला की भरलेल्या, अर्ध्या आणि रिकाम्या बाटल्या घरच्या माणसासमोर मोजून घ्या. महागड्या ब्रँडच्या रिकाम्या बाटल्यांची लेबलं फाडायला सांगा. भंगारात अख्ख्या गेल्या की त्यात नकली माल भरून त्या पुन्हा बाजारात येतात. मोजणी जुळली की उरलेली रक्कम तिथेच यूपीआयने द्या, पोरांना पहाटेची पहिली लोकल गाठायची असते.