इंग्लंडमधले पूर्वज शोधायचेत? चर्चची रजिस्टरं कशी बघायची

आधी गाव शोधा, नाव नंतर. त्र्यंबकेश्वरला आडनाव-गाव सांगितलं की उपाध्ये आपल्या घराण्याची वही काढतात, इंग्लंडमध्ये तसं नाही. तिथली जुनी रजिस्टरं घराण्याची नसून पॅरिशची, म्हणजे त्या चर्चच्या हद्दीतल्या सगळ्यांचे बाप्तिस्मे, लग्नं, दफनं तारखेनुसार एकाखाली एक. नुसतं जॉन स्मिथ एवढंच घेऊन बसलात तर बसूनच राहाल. म्हणून आधी १८५१ चा सेन्सस उघडा, त्यात जन्माचं पॅरिश असतं, १८४१ च्या सेन्ससमध्ये ते नसतं.

जन्म, लग्न, मृत्यूची सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ ला सुरू झाली, त्यानंतरचं काम सर्टिफिकेटवर भागतं. त्याआधीचं हवं असेल तर रजिस्टरच, आणि तेही उलट्या दिशेने, लग्न सापडलं की तिथून वीसतीस वर्षं मागे जाऊन बाप्तिस्मा शोधायचा. नोंदी ठेवायचा हुकूम १५३८ चा, पण सगळीकडची रजिस्टरं तेवढी जुनी टिकलेली नाहीत आणि १६४० ते १६६० च्या यादवीच्या काळात तर बऱ्याच ठिकाणी खड्डाच आहे.

१८१३ पासून छापील फॉर्म आले, मग बाप्तिस्म्याच्या नोंदीत बापाचा धंदा आणि राहायचं ठिकाण मिळतं, आईचं नाव असतं पण माहेरचं आडनाव सहसा नाही. लग्नाच्या नोंदीत १७५४ पासून सह्या किंवा फुल्या आणि साक्षीदार येतात, ते साक्षीदार नक्की टिपून ठेवा, बरेचदा भाऊबहीणच निघतात. १७३३ च्या आधी कधीकधी लॅटिन लागतं, गुलिएल्मस दिसला की तो विल्यम, जॅकोबस म्हणजे जेम्स, एवढ्यावर पुष्कळ निभावतं.

तारखांचं मात्र नीट समजून घ्या. १७५१ पर्यंत तिथलं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, त्यामुळे रजिस्टरात फेब्रुवारी १७२० लिहिलंय ते आपल्या हिशोबाने फेब्रुवारी १७२१. हे विसरलं की मूल आईबापाच्या लग्नाआधीच जन्मलेलं दिसतं आणि आपण उगाच लफडी शोधत बसतो!

अजून एक, आणि हे बहुतेक जण करतच नाहीत: बाप्तिस्मा सापडला की पुढची काही वर्षं त्याच पॅरिशची दफनं चाळा. मूल लहानपणीच गेलं की पुढच्या मुलाला तेच नाव द्यायची पद्धत होती, म्हणजे तुम्ही ज्याला पणजोबांचे आजोबा समजताय तो दोन वर्षांचा असतानाच गेलेला असू शकतो. मग सगळं झाडच चुकीचं.

शोधायला फॅमिलीसर्च आणि फ्रीरेग या वेबसाइट फुकट आहेत, अँसेस्ट्री आणि फाइंडमायपास्टला पैसे पडतात, पण इंग्लंडमधल्या बऱ्याच पब्लिक लायब्ररीत अँसेस्ट्री मोफत बघता येतं. इंडेक्सवर, म्हणजे टाइप केलेल्या नावांच्या यादीवर, थांबू नका, मूळ पानाचा फोटो उघडाच, समासात कायकाय खरडलेलं असतं. पान फाटलंय किंवा गायबच आहे? मग बिशपकडे दरवर्षी पाठवायची ती नक्कल काउंटी रेकॉर्ड ऑफिसात (तिथल्या जिल्ह्याच्या दफ्तरखान्यात) आहे का विचारा.

आणि एखादा माणूस गावातून एकदम नाहीसा झाला, त्यात तो सैन्यात असेल, तर मुंबई इलाखा बघा. इथल्या चर्चच्या नोंदींच्या नकला लंडनला जायच्या, त्या आता ब्रिटिश लायब्ररीत एन/३ मालिकेत आहेत आणि फाइंडमायपास्टवर स्कॅन मिळतात. खडकी, पुणे कॅम्प, अहमदनगर असं छावणीचं गाव आणि पलटण माहीत असेल तर शोध बराच आवाक्यात येतो.