घरच्या लेथवर पहिलं अचूक भोक: २० मिमी एच७ बुश

नाशिकमध्ये सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून निघालेला जुना सेंटर लेथ घरच्या वर्कशॉपसाठी घ्यायचा असेल, तर रंगाकडे बघू नका, बेड बघा. कॅरेज (हत्यार धरून बेडवर सरकणारा भाग) चकजवळ, म्हणजे तुकडा धरणाऱ्या फिरत्या पकडीजवळ आणून जिब (कॅरेज बेडला घट्ट बसवणारी पट्टी) इतकी आवळा की ती जेमतेम सरकेल. मग हँडल फिरवत कॅरेज दुसऱ्या टोकाच्या टेलस्टॉककडे (ड्रिल किंवा आधार धरणाऱ्या भागाकडे) न्या. मध्येच जाम झाली, तर चकजवळचा बेड झिजलाय. अशा मशीनवर लांब जॉब (कापायचा तुकडा) कधीच सरळ निघणार नाही. घरी सिंगल फेज असेल तर थ्री फेज मोटर व्हीएफडीवर (सिंगल फेजमधून थ्री फेज देणाऱ्या ड्राइव्हवर) चालते, पण मोटरच्या पाटीवर २३० व्होल्ट डेल्टा लिहिलेलं असेल तरच.

मशीन बसवताना स्पिरिट लेव्हल मीटरला ०.०२ मिमी उतार दाखवणारी हवी. गवंड्याची इथे कामाची नाही. बेडवर आडवी ठेवून आधी चकच्या बाजूला, मग टेलस्टॉकच्या बाजूला रीडिंग घ्या. दोन्हीकडे बुडबुडा सारखाच यायला हवा. फरक आला म्हणजे बेडला पीळ आहे. पायाखाली शिम (पातळ पत्रा) देऊन तो काढा. नंतर ३० मिमीचा बार चकमधून १५० मिमी बाहेर काढा, टेलस्टॉकचा आधार न देता दोन्ही टोकांना हलका कट घ्या आणि दोन्ही व्यास मोजा. ०.०२ मिमीच्या आत फरक असेल तर पुढे जा.

आता बुश, म्हणजे आत अचूक भोक असलेली नळी. भोक २० मिमी एच७ हवं; एच७ म्हणजे भोकाच्या मापाला ठरलेली मुभा. ४० मिमी व्यासाचा माइल्ड स्टीलचा ब्राइट बार फोर जॉ चकमध्ये (चार जबडे वेगवेगळे सरकणाऱ्या चकमध्ये) बांधा आणि ०.०१ मिमीचा डायल गेज (काट्याने फरक दाखवणारं मापक) बारवर टेकवा. समोरासमोरच्या दोन जॉवर रीडिंगमध्ये ०.४० फरक दिसला तर जॉब ०.२० सरकवायचा, ०.४० नाही. नवशिके नेमके इथेच गोल गोल फिरत बसतात. कमी रीडिंगचा जॉ किंचित सैल करा, समोरचा आवळा. एक जोडी जुळल्यावरच दुसरीला हात लावा. चकजवळ काटा स्थिर झाला की बाहेरच्या टोकाला तपासा. तिथे हलत असेल तर तांब्याच्या हातोडीने हळू ठोका आणि चकजवळचं रीडिंग पुन्हा घ्या.

फेसिंग करून (तोंड सपाट कापून) सेंटर ड्रिल (मधोमध सुरुवातीचा खड्डा पाडणारं छोटं ड्रिल) मारा. मग ८, १२ आणि १८.५ मिमी असे टप्प्याटप्प्याने ४५ मिमी खोल जा. शेवटच्या ड्रिलला ४०० आरपीएम पुरतात. ड्रिलचं भोक थोडंफार वाकडं जातंच, आणि रीमर (भोक शेवटच्या मापाला आणणारं दातेरी हत्यार) ते सरळ करत नाही, आहे त्याच वाटेने जातो. म्हणून बोरिंग (एका धारेच्या हत्याराने भोक आतून कापून मोठं करणं) टाळू नका. १२ मिमीचा बोरिंग बार ४८ मिमीपेक्षा जास्त बाहेर काढू नका, नाहीतर तो थरथरतो आणि भोकात लाटा उठतात. १९.८ मिमीला थांबा. शेवटचा कट घेतल्यावर त्याच सेटिंगवर बार आणखी एकदा आतबाहेर फिरवा, दबलेला बार उरलेला माल काढतो.

रीमिंग १२० आरपीएमवर, भरपूर कटिंग ऑइल घालून, न थांबता. रीमर कधीही उलटा फिरवू नका, धार जाते. चक सुलटा फिरत असतानाच रीमर बाहेर काढा. भोकाचं तोंड फाकलं तर टेलस्टॉक सेंटरला नाही, किंवा टेलस्टॉकच्या टेपरमध्ये (निमुळत्या भोकात) चिप (धातूचा कीस) अडकलीय. आत ओरखडे असतील तर दात चिपांनी भरलेत.

२० मिमी एच७ म्हणजे २०.००० ते २०.०२१. जॉब ४० अंशांनी तापलेला असेल तर भोक जवळपास ०.००९ मिमी मोठं दिसतं, म्हणजे जवळजवळ अर्धी मुभा तिथेच गेली. प्लग गेज (भोकात घालून माप तपासायचा दांडा) जॉब गार झाल्यावरच लावा.

चकची चावी हातातून सुटली की ती ट्रेमध्येच गेली पाहिजे. हातमोजे, मनगटातला गंडा, गळ्यातली साखळी, ओढणी यातलं काहीही अंगावर ठेवून मशीन सुरू करू नका. पावसाळ्यात काम संपलं की बेड पुसून ६८ नंबरच्या तेलाचा हात फिरवा. कूलंटचं पाणी रात्रभर राहिलं तर सकाळी बेडवर गंजाचे डाग पडतात.