तालमीत लेखकानं बसायचं कुठं?

माझं पहिलं नाटक सांगलीतल्या हौशी मंडळींनी बसवायला घेतलं, तेव्हा मी दिग्दर्शकाला खेटूनच खुर्ची टाकली. घोळ तिथंच झाला. वाक्य म्हणून झालं की नट दिग्दर्शकाऐवजी माझ्या तोंडाकडं बघायचे. चौथ्या दिवशी चहाच्या वेळी दिग्दर्शक म्हणाले, "ताई, तुम्ही जरा मागं बसा की." राग आला. पण गेले. गावभागातल्या शाळेचा वर्ग, बाक भिंतीला लावलेले, फरशीवर खडूनं आखलेलं स्टेज. तिथं मागच्या बाकावर, नट अडला की वाक्य सुचवणाऱ्या प्रॉम्प्टरशेजारी बसून मी जे शिकले, ते नव्या लेखकांसाठी सांगते.

नाटकात वडिलांचं काम करणारे काका मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात नोकरीला. जमीन का विकली, हे थोरल्या मुलाला सांगणारं माझं दीड पानी भाषण त्यांना पाठच होईना. रोज एकाच जागी अडायचे. पाठांतर कच्चं, असं मी मनात ठरवून टाकलेलं. एके रात्री तेच वैतागले, "अहो, ह्याला हे सगळं माहिती हाय. खरेदीखतावर सही त्यानंच केलीया. मग मी सांगतोय कुणाला?"

प्रेक्षकांना सांगत होते! मुलाच्या आडून मीच ती माहिती पुरवत होते. रात्रीत भाषण तीन ओळींवर आणलं आणि ते धाकट्या सुनेला ऐकवलं, कारण तिला खरंच काही ठाऊक नव्हतं. तेव्हापासून नट एकाच ठिकाणी तीनदा अडला, की मी आधी माझा कागद बघते.

मात्र नट म्हणेल तसं सगळं बदलायचं नाही. "तुझ्या मनात काय आहे ते मला कळलं पाहिजे" याचं काकांनी "मनात काय हाय, बोल की" केलं, ते ठेवलं. दुसऱ्या एकानं टाळीसाठी घुसवलेला विनोद काढायला लावला, तोही दिग्दर्शकांमार्फत. नटाला थेट सूचना कधीच द्यायची नाही. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली याच गावात 'सीतास्वयंवर' केलं, तेव्हा पदं रचलेली असत आणि गद्य भाषणं पात्रं आयत्या वेळी करत. आपल्याला ती मुभा नाही. संहिता सरकारच्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडं तपासायला जाते, प्रमाणपत्र त्या शब्दांना मिळतं. म्हणून मोठे बदल आधीच उरकावेत.

घड्याळ लावून बघायच्या गोष्टी वेगळ्याच. सुनेला साडी बदलून पलीकडच्या विंगेतून यायचं होतं आणि मधे मी चार वाक्यं दिलेली. चार वाक्यांत निऱ्यासुद्धा होत नाहीत. शेजारणीचं भांडण वाढवलं, तरी पिन विंगेतच लावावी लागायची.

वाचनाला आणि पहिल्या आठवड्यात रोज जा. पाठांतर चालू असताना घरी बसा, तुमचं तोंड बघून नट बिचकतात. पुस्तकं खाली ठेवून सलग तालीम सुरू झाली, की परत या.

भावे नाट्यमंदिरात प्रयोग झाला तेव्हाही मी विंगेत प्रॉम्प्टरशेजारीच होते. काका त्या तीन ओळींपाशी आले आणि माझे ओठ हलायला लागले. प्रॉम्प्टरनं बॅटरीचा झोत माझ्या तोंडावर मारला आणि खूण केली: गप.