बारटेंडरचं परमिट काढताय? या चुका टाळा

काउंटरमागे नवीन मुलगा घेताना मी आधी परमिट मागतो. समोरून बहुतेक वेळा येतो तो डिप्लोमा. लॅमिनेट केलेला, सोनेरी किनार, कोपऱ्यात कॉकटेल हलवायच्या शेकरचं चित्र. 'हे परमिट नाही' म्हटलं की चेहरा उतरतो, आणि मग कोर्सला किती पैसे ओतले ते ऐकावं लागतं.

बारटेंडिंगचा कोर्स कॉकटेल शिकवतो. परमिट किंवा सर्टिफिकेट मिळतं ते दारू जबाबदारीने देण्याच्या प्रशिक्षणावर: वय कसं तपासायचं, चढलेलं गिऱ्हाईक कसं ओळखायचं, त्याला पुढचा ग्लास कसा नाकारायचा. कायद्याला तुमच्या बाटल्या उडवण्याशी काही देणंघेणं नाही. पण हे दोन-चार तासांचं प्रशिक्षण कंटाळवाणं असतं ना, म्हणून ते सगळ्यात शेवटी ढकलायचं. उलटं करा. परमिट आधी, बाटल्या नंतर.

दुसरी चूक म्हणजे मित्राने जिथे केलं तेच आपण करायचं. जिथे काम करणार, तिथलाच नियम बघायचा. इंग्लंडमध्ये साध्या बारटेंडरला स्वतःचं लायसन्स लागत नाही. दारूविक्रीचं पर्सनल लायसन्स असलेल्या माणसाने विक्रीची परवानगी दिलेली असली की झालं. शेजारच्या स्कॉटलंडमध्ये मात्र पहिला ग्लास देण्याआधी किमान दोन तासांचं प्रशिक्षण झालेलं असावं लागतं. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात परमिटचे दोन वर्ग आहेत. क्लास 12 वाला कॉकटेल बनवू शकतो, पण त्यासाठी वय 21 पूर्ण हवं. क्लास 13 अठराव्या वर्षी मिळतो, तो टेबलवर सर्व्ह करणाऱ्यांसाठी आहे. त्यावर कॉकटेल बनवता येत नाही. एकोणिसाव्या वर्षी क्लास 13 खिशात घालून 'मी बारटेंडर' म्हणत फिरणारे आहेतच.

आता माझी लाडकी चूक: कोर्स संपला म्हणजे काम झालं.

माझ्या हाताखाली शिकलेला एक मुलगा कॅलिफोर्नियात कामाला लागला. हात साफ, बोलायला गोड, घाई मात्र भयंकर. तिथे 2022 पासून दारू सर्व्ह करणाऱ्याला कामावर लागल्यापासून 60 दिवसांत सर्टिफिकेशन घ्यावं लागतं. क्रम असा: आधी सरकारी पोर्टलवर नाव नोंदवून आपला नंबर घ्यायचा, मग मान्यताप्राप्त संस्थेचं प्रशिक्षण, मग परत पोर्टलवर येऊन 30 दिवसांच्या आत परीक्षा. याने व्हिडिओ म्यूट करून एका रात्रीत कोर्स उरकला, संस्थेचं सर्टिफिकेट डाउनलोड केलं, मॅनेजरला पाठवलं आणि विसरला. दोन महिन्यांनी मॅनेजरने पोर्टलवर नाव टाकून पाहिलं, तर हा प्रमाणित नाहीच! परीक्षाच दिली नव्हती, आणि 30 दिवस कधीच उलटून गेले होते.

मला फोन आला, 'दादा, सर्टिफिकेट तर आहे माझ्याकडे! पोर्टलच गंडलंय.' पोर्टल ठणठणीत होतं. कोर्स पुन्हा पहिल्यापासून करावा लागला, आणि तोवर साहेब काउंटरच्या मागे नाही, तर त्याच्याही मागे, ग्लास धुवायला आणि बर्फ वाहायला. बरं, ती परीक्षा काही डोंगर नाही. पन्नास प्रश्न, 70 टक्क्यांना पास, पुस्तक उघडं ठेवून देता येते, तीन संधी मिळतात. मी सगळ्यांना एकच सांगतो: आज कोर्स संपला तर उद्या सकाळी चहा व्हायच्या आत परीक्षा. 'रविवारी निवांत देतो' म्हणणाऱ्याचा रविवार येत नाही.

परीक्षेत पोरं अडकतात ती 'स्टँडर्ड ड्रिंक'वर. एक ग्लास म्हणजे एक ड्रिंक, असं डोक्यात घट्ट बसलेलं असतं. स्टँडर्ड ड्रिंक मोजतात ते आतल्या शुद्ध अल्कोहोलवर, आणि माप देशागणिक बदलतं. अमेरिकेत 14 ग्रॅम, ऑस्ट्रेलियात 10 ग्रॅम, ब्रिटनमध्ये एक युनिट म्हणजे 8 ग्रॅम. लाँग आयलंड आइस्ड टी हे कॉकटेल घ्या. पाच वेगवेगळ्या दारूंच्या बाटल्यांतून प्रत्येकी 15 मिली, म्हणजे 75 मिली. सगळं 40 टक्क्यांचं धरलं तर शुद्ध अल्कोहोल 30 मिली. मिलीला साधारण 0.79 ग्रॅम, म्हणजे जवळजवळ 24 ग्रॅम. ग्लास एकच, पण ऑस्ट्रेलियाच्या हिशेबाने सुमारे 2.4 ड्रिंक, अमेरिकेच्या हिशेबाने 1.7. गिऱ्हाईक 'दोनच घेतले' म्हणतं तेव्हा ते खोटं बोलत नसतं. मोजायचं तुम्हाला असतं. म्हणून माझ्याकडे पहिले तीन महिने फ्री पोअर, म्हणजे न मोजता अंदाजाने ओतणं, बंद. जिगरने, म्हणजे मापाच्या छोट्या कपाने, मोजूनच ओतायचं. ते दिसायला भारी नाही, हे मलाही माहीत आहे.

ब्लॅक कॉफी पाजली की उतरते, हे उत्तर लिहू नका. फक्त वेळ गेला की उतरते. कॉफीने दारू प्यायलेला माणूस जागा राहतो, एवढंच.

नाव पासपोर्टवर आहे तसंच भरा, मधल्या नावासकट.

'अर्ध्या तासात परमिट' अशी जाहिरात दिसली की आधी सरकारी साइटवरच्या मान्यताप्राप्त संस्थांच्या यादीत ते नाव शोधा. नसेल तर पैसे गेले समजा.

मुदत तपासा. वॉशिंग्टनचं परमिट पाच वर्षांचं, कॅलिफोर्नियाचं सर्टिफिकेशन तीन. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स राज्याचं दारू सर्व्ह करण्याचं कार्ड पाच वर्षं चालतं, तर व्हिक्टोरिया राज्यात दर तीन वर्षांनी उजळणीचं रिफ्रेशर प्रशिक्षण. मी कार्ड हातात पडल्या पडल्या मोबाइलमध्ये मुदतीच्या दोन महिने आधीचं रिमाइंडर लावतो.

आणि तालीम. नकार द्यायची तालीम कोणीच करत नाही. आरशासमोर शेकर हलवतील तासभर, पण 'आता पुढचा ग्लास मिळणार नाही' हे वाक्य तोंडातून निघत नाही. दुकान बंद झाल्यावर मी स्वतः स्टूलवर बसतो, आवाज चढवतो, मालकाला ओळखतो म्हणतो, काउंटरवर पैसे आपटतो. नवीन मुलगा 'सॉरी सर, पण...' एवढं म्हणतो आणि माझ्याकडे बघत राहतो. त्या 'पण'च्या पुढचं वाक्य मी त्याच्याकडून पंधरा वेळा म्हणून घेतो, मगच घरी सोडतो.