फ्यूजन मॅग्नेटच्या स्ट्रक्चरल कामात येताय? आधी थंडीचा हिशोब करा

फ्यूजन रिॲक्टरच्या अतिवाहक (सुपरकंडक्टिंग) चुंबकांच्या या कामात नव्याने येणारे बहुतेक जण लॉरेंट्झ बलाच्या, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात करंटवर येणाऱ्या बलाच्या, धास्तीने येतात. धास्ती रास्तच आहे. चुंबकीय दाब क्षेत्राच्या वर्गाने वाढतो: १२ टेस्लाला सुमारे ५७ मेगापास्कल, २० टेस्लाला तोच १५९. पण मला अडवलं ते या बलाने नाही, थंडीने.

३१६एलएन हे स्टेनलेस स्टील खोलीच्या तापमानावरून ४ केल्विनपर्यंत (उणे २६९ अंश सेल्सिअस, चुंबक चालतो ते तापमान) नेलं की साधारण ०.३ टक्के आकसतं. इटर या आंतरराष्ट्रीय फ्यूजन प्रकल्पाची टोरॉइडल कॉइल (प्लाझ्माच्या कड्याभोवती बसणाऱ्या मोठ्या कॉइल्सपैकी एक) सुमारे १७ मीटर उंच, म्हणजे करंट सोडण्याआधीच ती जवळपास ५ सेंटीमीटरने कमी होते. आता प्रसरण गुणांक कुठला भरणार? तक्त्यात बऱ्याचदा त्या त्या तापमानाचा तात्कालिक गुणांक असतो आणि ४ केल्विनला तो जवळजवळ शून्य असतो. एफईए (फायनाइट एलिमेंट ॲनालिसिस, म्हणजे रचनेचे छोटे तुकडे करून ताण काढणारं) पॅकेज मात्र सहसा संदर्भ तापमानापासूनचा सरासरी गुणांक धरतं. तात्कालिक आकडा भरला तर कॉइल आकसतच नाही. खोलीच्या तापमानाचा भरला तर दीडपट आकसते. दोन्ही वेळा सॉल्व्हर एकही एरर देत नाही. इन्सुलेशनमधला शिअर (कातरताण) जुळेना म्हणून मी मात्र मेश, म्हणजे मॉडेलची जाळी, बारीक करत बसले होते.

त्यात कॉइलची अतिवाहक नायोबियम-टिनची तार ६५० अंश सेल्सिअसच्या आसपास भट्टीत तयार होते. तिचा ताणाचा हिशोब तिथून सुरू होतो, खोलीच्या तापमानापासून नाही. स्टीलचं जॅकेट जास्त आकसतं, ठिसूळ तंतू दाबले जातात, क्रिटिकल करंट (अतिवाहकता टिकवून तार वाहू शकते तो कमाल करंट) घसरतो. म्हणून कंडक्टर आणि कॉइलची स्टीलची केस (बाहेरची पेटी) यांना डोळे मिटून एकच संदर्भ तापमान देऊ नका.

आधी एक मीटरची स्टीलची सळई मॉडेल करा, ४ केल्विनला न्या. ३ मिलिमीटर आकसली तरच पुढे जा.

दुसऱ्याचं तयार मॉडेल घेऊन फक्त लोड बदलायचा शॉर्टकट मला मुळीच मान्य नाही. त्यातली गृहीतकं आपली होत नाहीत. गाइड निवडताना कागदावरचा हिशोब मागणारा निवडा, वाइंडिंग शॉपमध्ये उभा राहिलेला असेल तर उत्तमच. नुसते रंगीत प्लॉट चाळणारा कितीही नावाजलेला असो, टाळा.

सुरुवातीला काहीच उमगत नाही असं वाटेल. घाबरू नका. यांत्रिकी, मटेरियल आणि क्रायोजेनिक्स असं तिन्ही शिकून कुणीच येत नाही. सिव्हिलवाल्यांचंही इथे छान जमतं.

फक्त थंडीत स्टीलची यील्ड स्ट्रेंथ (कायमचं वाकायला लागण्याआधी सोसता येणारा ताण) वाढते म्हणून निर्धास्त राहू नका. फ्रॅक्चर टफनेस (तडा वाढू न देण्याची क्षमता) घटतो, वेल्डमध्ये तर जास्तच. वेल्डचे ४ केल्विनचे आकडे वेगळे मागा, मूळ प्लेटचे चालवून घेऊ नका.