टेस्टिंग शिकताना आधी वही, मग सेलेनियम

सॉफ्टवेअर टेस्टिंग शिकू पाहणाऱ्या नाशिकच्या मुलामुलींच्या हाती पुष्कळदा पहिल्याच आठवड्यात सेलेनियम हे वेबसाइटची तपासणी आपोआप करणारे साधन दिले जाते, आणि हा क्रम मला उलटा वाटतो. सेलेनियम ठरलेली तपासणी न कंटाळता पुन्हा पुन्हा करून देते. पण काय तपासायचे आणि उत्तर काय यायला हवे, हे त्याला आपणच सांगावे लागते. म्हणून पहिले दोन-तीन आठवडे वही, पेन आणि रोजच्या वापरातले एखादे अ‍ॅप एवढ्यावरच काढावेत.

सुरुवात एका सवयीपासून करावी. कोणतेही बटण दाबण्यापूर्वी कोणते उत्तर अपेक्षित आहे ते वहीत लिहावे, मग बटण दाबावे आणि प्रत्यक्ष आलेले उत्तर त्याच्या शेजारी नोंदवावे. हे आधी लिहिले नाही, तर पडद्यावर जे दिसते तेच बरोबर वाटू लागते. आधीची स्थिती, करायच्या पायऱ्या, भरायची माहिती आणि अपेक्षित निकाल या चार गोष्टी लिहिल्या की टेस्ट केस तयार होते. तिच्यासाठी महागड्या साच्याची गरज नसते.

कोणती माहिती भरून पाहायची, हे ठरवणे मात्र खरे कौशल्याचे काम आहे, आणि ते मला एका चुकीने शिकवले. कांदाखरेदीची हिशोबपट्टी छापणारे एक सॉफ्टवेअर माझ्याकडे तपासणीला आले होते. काटापट्टीवरचे वजन भरण्यासाठी त्यात क्विंटल आणि किलो असे दोन रकाने होते. १२ क्विंटल ५० किलो, ८ क्विंटल २५ किलो अशी वजने घालून पाहिली, रकमा जुळल्या आणि मी ‘पास’ असा शेरा मारला. पुढे एका शेतकऱ्याचा माल १२ क्विंटल ५ किलो भरला, तेव्हा पट्टीवर १२.०५ ऐवजी १२.५ क्विंटल छापले गेले, कारण प्रोग्रॅम दोन्ही आकडे मध्ये टिंब देऊन नुसते जोडत होता. फरक ४५ किलोंचा. क्विंटलला १,५०० रुपये भाव धरला तर एका पट्टीमागे ६७५ रुपयांचा. हे पैसे व्यापाऱ्याच्या खिशातून जात होते, म्हणून चूक त्याच संध्याकाळी सापडली.

माझी सगळी वजने एकाच गटातली होती, हा त्या तपासणीतला दोष होता. ज्या आकड्यांशी प्रोग्रॅम सारखाच वागेल, त्यांचा एक गट मानावा आणि प्रत्येक गटातून एखादाच आकडा घ्यावा, ही पहिली पद्धत. गटाच्या कडेचे आकडे आवर्जून घ्यावेत, ही दुसरी. किलोच्या रकान्यात ० आणि ९९ स्वीकारले जातात का, उणे १ आणि १०० नाकारले जातात का, हे कोणीही तपासेल. परंतु ९ आणि १० यांच्यामध्येही एक सीमा दडलेली आहे, कारण तिथे एक अंक जाऊन दोन अंक येतात. अशी सीमा मागणीपत्रात, म्हणजे सॉफ्टवेअरने काय करायला हवे याच्या लेखी यादीत, लिहिलेली नसते. ४ जून १९९६ रोजी एरियान ५ हे रॉकेट उड्डाणानंतर ४० सेकंदांच्या आत नष्ट झाले, त्यामागेही सीमेचाच प्रश्न होता: आधीच्या एरियान ४ साठी लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये एक ६४ बिटांची संख्या १६ बिटांच्या जागेत बसवली जात होती, आणि नव्या रॉकेटच्या वेगामुळे ती तिथे मावली नाही.

सगळेच आकडे का तपासू नयेत, असा प्रश्न पडेल. ० ते ९९ क्विंटल आणि ० ते ९९ किलो एवढ्याच्याच १०,००० जोड्या होतात आणि भाव अजून बाजूलाच आहे. टेस्टिंगने चुका असल्याचे दाखवता येते, नसल्याचे सिद्ध करता येत नाही, हे एड्सगर डायक्स्ट्रा या डच संगणकशास्त्रज्ञाने १९७० च्या सुमारासच मांडले होते.

अटी एकमेकींत गुंतल्या की निर्णय-तक्ता, म्हणजे अटींच्या प्रत्येक जोडीला एक रकाना आणि त्यात तिचा निकाल असा तक्ता, मांडावा. सरावासाठी ठक्कर बाजार स्थानकावरून सुटणाऱ्या एसटीचे तिकीट घ्या. ७५ वर्षे पूर्ण झालेल्यांना प्रवास मोफत, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धे तिकीट आणि मार्च २०२३ पासून महिलांनाही अर्धे तिकीट. मुलांची सवलत तूर्त सोडली, तरी वयाचे तीन गट आणि स्त्री-पुरुष मिळून सहा रकाने होतात. त्यांतल्या ७० वर्षांच्या आजींच्या रकान्याशी पेन थांबते: त्यांना दोन्ही सवलती लागू दिसतात, मग तिकीट अर्धे की पाव? याचे उत्तर टेस्टरने मनाने ठरवू नये. नियम ठरवणाऱ्याला विचारावे, आणि तेही कोड लिहिण्यापूर्वी. तयार मालातील दोष शोधणे म्हणजे टेस्टिंग आणि दोष मुळात शिरू नयेत म्हणून कामाची पद्धत नीट लावणे म्हणजे क्वालिटी अ‍ॅशुरन्स, हा फरक या एका प्रश्नातून चांगला कळतो.

बग सापडला की ‘पट्टी चुकीची येते’ असे लिहू नये. डेव्हलपर ते तसेच परत पाठवतो. ‘क्विंटल १२, किलो ५ भरून पट्टी छापली, अपेक्षित वजन १२.०५, आलेले १२.५, किलो १० किंवा अधिक असल्यास चूक होत नाही’ असे लिहिले, तर दुरुस्तीचे निम्मे काम झालेलेच असते. दुरुस्तीनंतर ५ किलोची केस पुन्हा चालवावी आणि आधी बरोबर येणारी ५० किलोचीही चालवावी, कारण दुरुस्तीने चालू गोष्ट बिघडणे नवीन नाही. या दुसऱ्या तपासणीला रिग्रेशन म्हणतात.

एवढे हाताला बसल्यावर डेटाबेसमधील नोंद स्वतः पाहण्यापुरती एसक्यूएल ही भाषा, मग एपीआय, म्हणजे दोन प्रोग्रॅममधील माहितीच्या देवाणघेवाणीचा दुवा, तपासण्यासाठी पोस्टमन हे साधन आणि शेवटी सेलेनियम शिकावे. प्रमाणपत्र हवे असल्यास आयएसटीक्यूबी या टेस्टिंगची प्रमाणपत्रे देणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेची फाउंडेशन परीक्षा आहे: ४० प्रश्न, ६० मिनिटे आणि उत्तीर्ण होण्यासाठी २६ गुण. परीक्षेची भाषा मातृभाषा नसलेल्या उमेदवाराला २५ टक्के जादा वेळ, म्हणजे एकूण ७५ मिनिटे मिळतात. नोंदणी करतानाच ती सवलत मागून घ्यावी.